शपथेच्या पुढची वाट

दारूच्या व्यसनाने गांजलेली कुटुंबे बहुधा एकाच उपायावर सारी भिस्त ठेवतात. घरच्या माणसाला देवळात आणावे, क्रुसासमोर उभे करावे आणि ‘पुन्हा शिवणार नाही’ अशी शपथ त्याच्याकडून घ्यावी. तोही त्या क्षणी ती मनापासून घेतो. पुढे तुरीची रास होते, हाती पैसा खुळखुळतो, कुठे लग्नाची वरात निघते आणि शपथ मोडते. मग गाव म्हणतो, ‘हा मुळातच खोटा!’ हा निवाडा न्याय्य नव्हे. शपथ खोटी नव्हती; ती एकाकी होती.

मद्यासक्ती हा आजार आहे, असे वैद्यकशास्त्र मानते. मद्याला सरावलेले शरीर व मेंदू केवळ निश्चयाने ताळ्यावर येत नाहीत. कायद्यानेही सारे साधत नाही. आपल्या कर्नाटकात २००७ साली अरकाच्या विक्रीवर बंदी आली. दुकाने बंद झाली, पण तहान संपली नाही. ती शमविण्यासाठी माणसाला माणसाची संगत लागते. ही गोष्ट प्रथम उमगली ती दोघा मद्यासक्तांनाच.

१९३५ सालच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा गृहस्थ व्यवसायात अपयश पदरी घेऊन अमेरिकेतील ॲक्रन शहरी एकटाच राहिला होता. काही महिने त्याने मद्य वर्ज्य केले होते. पण त्या दिवशी हॉटेलातील मद्यगृह त्याला खुणावू लागले. तेव्हा त्याने एका धर्मोपदेशकाला दूरध्वनी केला व आपल्यासारखाच कोणी व्यसनी शोधू लागला. त्यातून डॉक्टर बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी त्याची गाठ पडली. एकमेकांना उपदेश न करता दोघांनी आपापली कहाणी सांगितली. १० जून १९३५ हा ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या बंधुसंघाचा जन्मदिन मानला जातो. ही चळवळ कोणत्याही पंथाला बांधलेली नाही; तरी तिच्या बाल्यावस्थेत ॲक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील धर्मभगिनी इग्नेशिया यांनी १९३९ पासून मद्यासक्तांना खाट मिळवून दिली, हे आपण कॅथलिकांनी स्मरणात ठेवावे.

१९५७ साली हा संघ मुंबईस पोहोचला. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल देवळाच्या आश्रयाने ‘कृपा फाउंडेशन’ उभारले. आपण स्वतः या व्यसनातून उठलो, हे या धर्मगुरूंनी कधी लपविले नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे व्यसनी माणसांच्या पत्नींसाठीही ‘सहचरी’ नावाचा गट आहे. कारण आजार एकाला झाला तरी पोळते सारे घर.

अशा सभेत घडते तरी काय? मद्य सोडण्याची इच्छा एवढीच प्रवेशाची अट. वर्गणी नाही; खर्चासाठी ज्याने त्याने स्वेच्छेने काही टाकावे. आडनाव, जात, धर्म कोणी विचारीत नाही आणि तेथे ऐकलेले बाहेर बोलावयाचे नसते. एक जण उठतो, नाव सांगतो, ‘मी मद्यासक्त आहे’ म्हणतो आणि आपली हकिकत सांगतो. जन्मभराची शपथ कोणी मागत नाही. आजचा दिवस निभावला म्हणजे झाले. ही सभा प्रायश्चित्त संस्काराची जागा घेत नाही. पापांची क्षमा संस्कारात मिळते. उद्या संध्याकाळी दुकानावरून पुढे चालत जाण्याचे बळ बंधूंच्या संगतीतून लाभते. ही दोन्ही देवाचीच देणगी होय.

वाट कशी शोधावी? आधी डॉक्टर. रोज पुष्कळ पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर झटके व भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. म्हणून कलबुर्गीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाचा सल्ला घ्यावा. नंतर १४४४६ या शासनाच्या मोफत व्यसनमुक्ती दूरध्वनीवर जवळच्या केंद्राची चौकशी करावी. सभा बहुधा शहरांत भरतात. कडगंचीच्या माणसाला बस धरावी लागेल, दिवसाची मजुरी बुडेल. तेथेच आपल्या धर्मग्रामाचे काम सुरू होते. शेजाऱ्याने सोबत जावे, एखाद्याने भाड्याचे पैसे द्यावेत. त्या शोमरोनी वाटसरूने जखमीला नुसती पट्टी बांधली नाही. धर्मशाळेपर्यंत नेले आणि खर्चही सोसला. लग्नाकार्यात दारू न ठेवणे, ‘एक घोट घे, काही होत नाही’ असा आग्रह न करणे, हीही त्याचीच सेवा. आणि तो एकदा घसरला तर हसू नये. पुन्हा त्याच बसमध्ये बसवावे.

गावात सभा नाही, म्हणून हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. संघाच्या परंपरेनुसार मद्यमुक्तीसाठी दोघे-तिघे जमले तरी त्यांचा गट होऊ शकतो. दोघातिघांच्या मेळ्याला प्रभूने दिलेले आश्वासन तर आपल्याला ठाऊकच आहे. कडगंचीत आज एक जण निर्धाराने उभा राहिला, तर त्याने दुसरा शोधावा. बिल विल्सनने तेवढेच केले होते.