गाडी खाली, भाव वर!

पिकअप ट्रक म्हटलं की उंच, दणकट, चिखल तुडवणारा गडी डोळ्यांसमोर येतो ना? अमेरिकेतले शौकीन मात्र पैसे मोजून त्याला जमिनीजवळ आणतात! जुन्या शेव्हरोले सी-10 साठी फेमस माप आहे 'फोर-सिक्स ड्रॉप'. पुढून 4 इंच, मागून 6. मागे जास्त का? रिकामा पिकअप मुळातच मागून उंच असतो, माल भरल्यावर समतल व्हावा म्हणून!

माहीत आहे का? कॅलिफोर्नियात हा चक्क गुन्हा होता! 1 जानेवारी 1958 पासून नियम असा: बदल केलेल्या गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली गेला, की दंड. मग? रॉन अगिरे नावाच्या पठ्ठ्याने 1959 मध्ये आपल्या कॉर्व्हेटला विमानाचे हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसले, गाडी वर. पोलीस गेले, गाडी खाली! डोकं चालवावं तर असं. लोरायडरच्या, म्हणजे मुद्दाम बुटक्या केलेल्या गाड्यांच्या दुनियेत तिथून हायड्रॉलिक्सची जी लाट उठली, ती आजही ओसरलेली नाही. आणि तो कायदा? 2024 उजाडलं, तेव्हा कुठे गेला.

आता मेकॅनिकची जादू! बऱ्याच पिकअपमध्ये मागचे पाटे ॲक्सलच्या वर बसतात. 'फ्लिप किट' लावलं, की ॲक्सल पाट्यांच्या वर. गाडी झपकन खाली! फक्त ॲक्सल चासीवर आपटू नये म्हणून चासीला अर्धगोल खाच पाडतात. तिथे जाड पोलादी पट्टीचा आधार हवाच हवा. इथे काटकसर नको!

टायरवरचं 275/40 आर 20 वाचलंय कधी? रुंदी मिलिमीटरमध्ये, साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत. एकाच ओळीत अशी भेळ!

पण गंमत पुढेच आहे. 235/75 आर 15 काढून हा टायर चढवा. रिम तब्बल 5 इंचांनी मोठं, टायरची एकूण उंची मात्र जेमतेम साडेपाच मिलिमीटर कमी! स्पीडोमीटर जवळपास जागच्या जागी. चाकांची निवड जमली म्हणायची ती अशी.

बोल्ट मोजलेत? 1970 च्या सी-10 ला चाकामागे सहा, 1971 च्या सी-10 ला पाच! एका वर्षाने चाकांची अख्खी खरेदी पंक्चर! बोल्ट जुळले तरी ऑफसेट बघा, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते. चाक फार बाहेर आलं तर फेंडरला घासतं, फार आत गेलं तर सस्पेन्शनला. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, मगच बिल भरा.

फेरारीला हरवणारा पिकअप माहीत आहे का? 1991 चा जीएमसी सायक्लोन! कारखान्यातूनच बुटका, सहा सिलिंडर, टर्बो. 'कार अँड ड्रायव्हर'च्या पाव मैलाच्या शर्यतीत त्याने फेरारी 348 ला मागे टाकलं. माल मात्र न्यायचा फक्त 500 पौंड, म्हणजे सव्वादोनशे किलोच्या आसपास. ट्रक नावाचा, रॉकेट कामाचा!

2004 मध्ये डॉज रॅम एसआरटी-10 ने ताशी 248 किलोमीटरचा टप्पा गाठून पिकअपचा विश्वविक्रम केला. पोटात व्हायपरचं व्ही-10 इंजिन, खाली 22 इंची चाकं. टायरवरचं शेवटचं अक्षर वेगमर्यादा सांगतं. 'व्ही' म्हणजे 240, म्हणजे या रॅमला तोकडंच. पुढचं 'डब्ल्यू', 270. आणि 'एच'? तो एबीसीडीची रांग मोडून 'यू' आणि 'व्ही'च्या मध्ये घुसलाय, 210 वर!