मसल कार, कोन आणि टायर: ऑटोक्रॉसच्या तयारीतले गैरसमज

अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी एखाद्या जुन्या धावपट्टीवर किंवा स्टेडियमच्या रिकाम्या पार्किंगमध्ये नारिंगी कोन मांडून ऑटोक्रॉस रंगतो. प्रत्येक गाडी घड्याळाशी एकटीच झुंजते. फेरी साधारण मिनिटभराची असते, वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास पोहोचला तरी खूप झालं आणि एक कोन पाडला की दोन सेकंदांचा दंड. १९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका (एससीसीए) या प्रकाराला ‘सोलो’ म्हणतो. रोज कामावर न्यायची गाडी घेऊनही यात उतरता येतं. त्यामुळे हौसेनं मस्टँग किंवा कमॅरो घेतलेला माणूस आज ना उद्या इथे येतोच, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर त्याच्या डोक्यात पार्ट्सचे कॅटलॉग फिरू लागतात.

मसल कार मुळात सरळ रस्त्यावर जोर दाखवण्यासाठी घडवलेली. मोठं व्ही-८ इंजिन पुढे, वजन दीड टनाच्या वर, आणि जुन्या मॉडेलांत मागे अखंड अॅक्सल. ती वळणांत चपळ होऊ शकते, नक्कीच होऊ शकते. पण बाजारात फिरणाऱ्या काही समजुतींमुळे लोक हजारो डॉलर चुकीच्या क्रमानं घालवतात. याची मला मनापासून हळहळ वाटते.

गैरसमज: गाडी वळणात कलते म्हणून पकड सुटते. जाड अँटी-रोल बार टाकले की काम झालं.

वस्तुस्थिती: सगळ्यात खोल रुतलेली समजूत हीच आहे, म्हणून हिच्यापाशी जरा थांबू. वळणात आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो किती जाईल हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर या चार गोष्टींवर ठरतं. १६५० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५२ सेंटिमीटर वर आणि डाव्या-उजव्या चाकांत १५८ सेंटिमीटर अंतर धरा. एक ‘जी’च्या वळणात सुमारे ५४० किलो भार बाहेर सरकणारच. बार कितीही जाड घाला, या आकड्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

मग डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडणारा हा बार करतो काय? त्या भारातला किती वाटा पुढच्या जोडीनं उचलायचा आणि किती मागच्या, हे तो ठरवतो. भार दुप्पट झाला म्हणून टायरची पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. त्यामुळे ज्या जोडीत डाव्या-उजव्या चाकांवरच्या भारात जास्त तफावत पडते, ती जोडी आधी घसरते. पुढचा बार जाड केला की नाक वळायला नकार देतं, मागचा केला की शेपूट सुटू लागते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या, भरपूर टॉर्कच्या गाडीत मागचा जाड बार आणखी एक घोळ घालतो: आतलं मागचं चाक हलकं होतं आणि वळणातून बाहेर पडताना ते जागच्या जागी फिरत राहतं.

जाडीचा हिशेबही फसवा आहे. भरीव बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. २२ मिलिमीटरचा बार काढून त्याच आकाराचा २५ मिलिमीटरचा घातला, तर नुसत्या तीन मिलिमीटरनं कडकपणा सुमारे ६७ टक्क्यांनी वाढतो.

कलण्याचा खरा तोटा वेगळाच आहे: कलताना चाकाचा कोन बिघडतो. २००५ ते २०१४ च्या मस्टँगमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. गाडी कलली की त्यात बाहेरचं चाक कलत्या बॉडीबरोबर बरंचसं बाहेर झुकतं आणि टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. बार इथे मदत करतो, पण कलणं कमी करून कोन राखतो म्हणून. तेच काम आधीपासून जास्त निगेटिव्ह कॅम्बर देऊन, म्हणजे चाकाचा माथा आत झुकवून, थेट करता येतं. कंपनीतून अशा गाड्यांना साधारण एक अंशाच्या आतबाहेर कॅम्बर मिळतो. ऑटोक्रॉसवाले अडीच-तीन अंशांकडे जातात, आणि त्यासाठी लागणाऱ्या कॅम्बर प्लेट्स चांगल्या टायरच्या एका जोडीहून महाग नसतात.

हे डोळ्यांनी पाहता येतं. बऱ्याच टायरच्या बाजूला, खांद्यालगत, एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो. फेरीआधी त्या भागावर खडूची आडवी रेघ ओढा आणि परतल्यावर वाकून बघा. त्रिकोणाच्या टोकापर्यंत खडू पुसला गेला असेल तर ठीक. रेघ त्याच्याही खाली, टायरच्या बाजूच्या भिंतीवर पुसली गेली असेल, तर टायर कडेवर लोळतोय. तेव्हा हवेचा दाब आणि कॅम्बर तपासा, बारची जाहिरात बाजूला ठेवा.

गैरसमज: गाडी जितकी खाली, तितकी चांगली.

वस्तुस्थिती: गुरुत्वमध्य खाली आणणं फायद्याचंच. पण मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत खालचा आर्म बाहेरच्या टोकाला वर चढू लागला की पुढचा रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा भराभर खाली जातो. दोघांमधलं अंतर, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ, उलट लांबते. खाली केलेली गाडी त्याच स्प्रिंगवर जास्त कलू शकते ती यामुळे. शिवाय सस्पेन्शनला खेळायला जागा उरत नाही. ते बंप स्टॉपवर आदळलं की त्या कोपऱ्याचा कडकपणा एकाएकी वाढतो आणि टायर सुटतो. मागे अखंड अॅक्सल असेल आणि त्याला बॉडीशी जोडणारा आडवा पॅनहार्ड रॉड असेल, तर तोही तिरका होतो आणि अॅक्सल एका बाजूला सरकतो. म्हणून गाडी खाली करायची तर लांबी जुळवता येणारा पॅनहार्ड रॉड आणि मागच्या आर्मची जागा बदलणारे ब्रॅकेट हिशेबात धरावे लागतात.

जुन्या गाड्यांत मात्र ‘खाली आणणं’ वेगळ्या अर्थानं सोनं आहे. पहिल्या पिढीच्या मस्टँगमध्ये वरच्या कंट्रोल आर्मची बसायची जागा साधारण एक इंच खाली घ्यायची, म्हणजे बॉडीला नवी भोकं पाडायची. ही युक्ती फोर्डचे इंजिनिअर क्लाउस आर्निंग यांची, आणि १९६५ च्या शेल्बी जीटी-३५० मध्ये ती वापरली गेली. वळणात चाकाचा कोन सुधारतो आणि खर्च जवळपास ड्रिल मशीनच्या विजेइतकाच. साठ वर्षं उलटली तरी त्या गाडीसाठी इतकी स्वस्त आणि इतकी गुणी सुधारणा दुसरी सांगता येणार नाही.

गैरसमज: सगळे रबरी बुश काढून पॉलियुरेथेन घाला, गाडी घट्ट होईल.

वस्तुस्थिती: कुठला बुश, यावर सगळं अवलंबून आहे. १९७९ ते २००४ च्या बहुतेक मस्टँगमध्ये मागचा अखंड अॅक्सल चार आर्मवर टांगलेला आहे आणि वरचे दोन तिरके आहेत. गाडी कलते तेव्हा या आर्मना पिळावं लागतं, आणि तो पीळ मऊ रबर सोसून घेतं. तिथे कडक पॉलियुरेथेन घातलं की अॅक्सल अडकतो. मागची बाजू क्षणभर प्रचंड कडक होते आणि वळणाच्या मध्यावर शेपूट काही सूचना न देता सुटते. मागच्या वरच्या आर्मना तरी रबर राहू द्या. पुढच्या अँटी-रोल बारच्या ब्रॅकेटला पॉलियुरेथेन खुशाल लावा.

गैरसमज: मोठे ब्रेक हवेतच.

वस्तुस्थिती: मिनिटभराच्या फेरीत ब्रेक क्वचितच तापून ढिले पडतात. चाक लॉक होण्याइतका जोर मूळ ब्रेकमध्ये असतो, पुढचं काम टायरचं. चांगले पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल पुरे.

गैरसमज: शॉक अॅब्सॉर्बर आरामासाठी असतात, वेगासाठी स्प्रिंग बदला.

वस्तुस्थिती: ऑटोक्रॉसमध्ये गाडी एका वळणात स्थिरावते कुठे? स्लॅलममध्ये ती डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे सतत झोके घेत असते. शेवटी किती कलेल हे स्प्रिंग आणि बार ठरवतात. ती किती लवकर आणि कशी कलेल, कुठल्या क्षणी कुठल्या टायरवर किती भार येईल, हे शॉक ठरवतात. जड नाकाच्या गाडीत थकलेले शॉक ठेवून नवी कडक स्प्रिंग घातली तर नाक उड्या मारू लागतं. सस्पेन्शनसाठी पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते ॲडजस्टेबल शॉकवर घाला, असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ स्प्रिंग त्यांच्याबरोबर सहज नांदते.

गैरसमज: टायरवर २०० आकडा आहे, म्हणजे सगळे सारखेच.

वस्तुस्थिती: ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल याचा, हा आकडा टायर कंपनी स्वतःच ठरवून छापते. त्यामुळे २०० लिहिलेल्या दोन टायरच्या पकडीत मोठी तफावत निघू शकते. घड्याळावर सर्वांत मोठा फरक टायरच पाडतो, आणि तो जितक्या रुंद रिमवर नीट बसेल तितका मन लावून काम करतो.

गैरसमज: आधी गाडी तयार करू, गट नंतर बघू.

वस्तुस्थिती: सगळ्यात महाग पडणारी समजूत ही. गाडीत काय काय बदललं यावरून स्पर्धेतला गट ठरतो. एससीसीएच्या ‘स्ट्रीट’ गटात शॉक बदलता येतात, पण स्प्रिंग मूळचीच लागते, रिमची रुंदीही मूळचीच, आणि कॅम्बर प्लेट्स चालत नाहीत. केवळ लोअरिंग स्प्रिंग घातल्यामुळे तुमची जवळपास मूळ अवस्थेतली गाडी पूर्ण तयारीनिशी आलेल्या गाड्यांच्या रांगेत जाऊन बसते. ‘क्लासिक अमेरिकन मसल’ हा गट मात्र खास अशाच गाड्यांसाठी आहे. त्यात सस्पेन्शनला बरीच मोकळीक आहे, टायर मात्र २०० किंवा त्याहून वरच्या आकड्याचाच हवा. नियम दर वर्षी थोडेफार बदलतात. सोलोचं नियमपुस्तक क्लबच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. पहिला पार्ट मागवण्याआधी या वर्षाची आवृत्ती उतरवून घ्या आणि आपल्या गटाचं प्रकरण शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.