गोठ्याच्या कडेची जीप रस्त्यावर आणताना

आपल्या डोंगरपट्ट्यात कुठल्याही वाडीत जा, एखाद्या घराच्या पडवीला ताडपत्रीखाली जुनी जीप उभी असतेच. टपावर कोंबड्या, मागच्या फाळक्यात सरपण. भंगारवाला वर्षातून दोनदा येऊन भाव विचारून जातो. आमच्या गटातल्या एका ताईंकडे अशीच एक एमएम ५४० होती, सासऱ्यांच्या नावावर. सासरे गेले आणि गाडी नऊ वर्षं जागची हलली नाही. घरचा तांदूळ आणि हिरडा डांबरी रस्त्यापर्यंत खाली आणायला ताईंना ती पुन्हा हवी होती, म्हणून त्यांनी गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलं. आम्ही ते दिलं, पण ठरावात एक अट लिहून घेतली. ज्यावर माणसांचा जीव आहे त्यावर पैसा आधी खर्च होईल आणि रंगावर सगळ्यात शेवटी. कारण बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. गाडी चकचकीत होते, फोटो निघतात आणि घाटात ब्रेक लागत नाही.

कामाला हात लावण्याआधी कागद बघायचे. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. मालक हयात नसेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी करावी लागते, त्याचा अर्ज नमुना ३१. नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५. शिवाय पर्यावरण कर आणि उशिराचा आकार. हे सगळं मिळून किती होतं, ते आरटीओत विचारून कागदावर लिहून घ्या आणि मगच पाना हातात घ्या. काही गाड्यांच्या बाबतीत हा आकडाच सांगतो की नाद सोडा. आणखी एक गोष्ट, खासगी नोंदणीच्या गाडीतून भाडं घेऊन माल किंवा माणसं नेता येत नाहीत. ‘गाडी भाड्याने फिरवून हप्ता फेडू’ असा हिशेब कुणी मांडत असेल, तर तो तिथेच खोडायचा.

आता गाडीकडे वळू. जीपची खरी तब्येत चेसीवरून कळते. वरचा पत्रा कितीही सडलेला असो, तो बदलता येतो. चेसीत अडकलेला चिखल खरवडून काढायचा आणि लहान हातोडीने ठोकत जायचं. चांगलं लोखंड टण् वाजतं, आतून कुजलेलं भद्द वाजतं. मडकं घेताना आपण वाजवून बघतो, तसंच हे. पाटे जिथे चेसीला अडकवलेले असतात, तिथे जास्त वेळ द्यायचा. ताईंच्या गाडीत मागच्या एका पाट्याची पकड गंजून पापडासारखी झाली होती. ते काम घरी करायचं नाही. चांगल्या वेल्डरकडूनच करून घ्यायचं आणि वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा काढून ठेवायच्या. चेसीवर नंबर कोरलेला असतो, त्या जागी ग्राइंडर अजिबात लावायचा नाही. नंबर पुसला गेला तर आरटीओत तपासणीच पुढे सरकत नाही.

गाडीखाली शिरायचं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर शिरू नका. जॅक फक्त उचलण्यासाठी, तोलून धरायला लोखंडी स्टँड. विटा किंवा सिमेंटचा ठोकळा तर नकोच, तो भाराखाली अचानक फुटतो. स्टँड लावले की वरून गाडी दोन्ही हातांनी हलवून बघायची आणि मगच खाली जायचं. मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवलेलं बरं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही ब्रेकवर घालवला. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आतल्या नळ्या गंजतात, रबरं कडक होतात आणि चाकातले सिलिंडर जाम होतात. त्यामुळे जुनं वाचवायचा मोह इथे धरायचा नाही. रबरी नळ्या आणि सगळी रबरं नवी, गंजलेल्या लोखंडी नळ्याही नव्या. ड्रम उघडला की आत काळी धूळ दिसते. ती फुंकायची नाही, झाडायची नाही, हवेचा पंप मारायचा नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात जातं. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं. ब्रेक ऑइल सांडलं की रंगही उतरतो, म्हणूनही रंग शेवटी.

नंतर नळ्यांतली हवा काढायची. हे काम दोघींचं. एक पेडल दाबते, दुसरी चाकामागचा निपल सोडते. बुडबुड्यांचं तेल येतं, ती निपल आवळते, मग पहिली पेडल सोडते. हा क्रम चुकला तर हवा परत आत. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून करायची, म्हणजे आपल्याकडच्या गाड्यांत मागचं डावं. आमच्यातल्या दोघींनी ‘दाब’, ‘सोड’ असं ओरडत दुपार काढली. शेजारच्या आजी विचारून गेल्या, गाय वितेय का म्हणून.

इंजिन हे घराघरातल्या पुरुषमंडळींचं आवडतं प्रकरण. आल्या आल्या ‘सेल्फ मारून बघू’ म्हणतात. मारू द्यायचा नाही. आधी इंजिनचं तेल आणि पाणी बदलायचं, फिल्टर नवे घालायचे आणि इंजिन हाताने सावकाश फिरवून बघायचं. फिरत नसेल तर सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून वाट बघायची. एमएम ५४० चं इंजिन प्यूजो कंपनीच्या आराखड्यावरचं, २११२ सीसीचं डिझेल. त्याचा पंप आणि नोझल मात्र उघडू नका, ते तपासायचं यंत्र डिझेल पंपवाल्या मिस्त्रींकडेच असतं. डिझेलची टाकी गळत असेल तर घरी वेल्डिंग करायला घेऊ नका. टाकी रिकामी आहे म्हणून काळजी नाही, असं वाटतं, पण रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते आणि तीच पेटते. पहिल्यांदा इंजिन चालू करताना हवेच्या तोंडाशी जाड फळी घेऊन एकीला उभं ठेवा. जुनं डिझेल इंजिन कधी कधी भरधाव सुटतं, चावीनेही थांबत नाही. तेव्हा हवेची वाट बंद करायची. हाताने नव्हे, फळीने.

आता या जीपचं वेगळेपण. एरवी ती मागच्या दोन चाकांवर चालते. मोठ्या गिअरशेजारी दोन लहान दांडे असतात. एक पुढची चाकं जोडतो, दुसरा वेग कमी करून ओढ वाढवतो. गाडी चारही चाकांखाली उंच स्टँडवर असताना हे घरीच तपासता येतं. इंजिन बंद, मोठा गिअर न्यूट्रल, पुढची चाकं जोडायचा दांडा टाकलेला. मागचा जॉइंट हाताने फिरवला की पुढचाही फिरला पाहिजे. ताईंच्या गाडीचा दांडा नुसताच गंजून बसला होता; तेल सोडून दोन दिवसांनी हलला.

हे दांडे कोरड्या डांबरी रस्त्यावर टाकायचे नाहीत. वळणावर पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची लहान. पण दांडा टाकला की पुढचा-मागचा जॉइंट सारख्याच फेऱ्यांनी फिरतो. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं. डांबरावर घसरायला जागा नाही, मग सगळा पीळ जॉइंटवर आणि गिअरवर येतो आणि काहीतरी तुटतं. हळू ओढीचा दांडाही पुढची चाकं जोडल्यावरच टाकायचा, नाहीतर सगळा जोर मागच्या एक्सलवर जातो.

खर्चाची वही तीन रकान्यांची ठेवली होती: जीव, चालणं, दिसणं. तिसऱ्या रकान्यात रेडऑक्साइड, थोडी लांबी आणि रंग, एवढंच. रंग कोणता, यावर बैठकीत जितका वेळ गेला तितका कर्जावरही गेला नव्हता. तपासणीला गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून नेली, कारण मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवायची नसते. आधी विमाही उतरवला.

पावसाळ्यात ओढ्यातून गाडी गेली असेल तर दुसऱ्या दिवशी पुढच्या-मागच्या एक्सलचं तेल बघायचं. बूच सैल करून थेंबभर बोटावर घ्या. काळपट, घट्ट असेल तर ठीक. ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलं आहे, ते सगळं काढून नवीन भरायचं. ताईंच्या गाडीचं तेल पहिल्याच पावसाळ्यात दोनदा बदलावं लागलं, तेव्हा कुठे गळका सील सापडला.