ई-रीडर घेताना किंमत कशाची मोजावी?

ई-रीडर घेऊ पाहणारा ग्राहक सामान्यतः दोन रकाने मांडतो: एकीकडे दर्जा, दुसरीकडे किंमत. हा हिशेब वरकरणी बिनचूक दिसतो. परंतु दुकानदार सांगतो ती केवळ यंत्राची किंमत असते. ग्राहक पुढे वर्षानुवर्षे पैसे मोजतो ते पुस्तकांसाठी.

अमेरिकेतील अनुभव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनने किंडल विक्रीस काढले, तेव्हा त्याची किंमत ३९९ डॉलर होती. पुढे बार्न्स अँड नोबलचे नूक बाजारात उतरले आणि चढाओढ सुरू झाली. जून २०१० मध्ये नूक २५९ वरून १९९ डॉलरवर आले. त्याच दिवशी किंडल १८९ वर उतरले. सप्टेंबर २०११ मध्ये तर ७९ डॉलरचे किंडल निघाले. मात्र त्याच्या पडद्यावर जाहिराती येत. त्या नको असणाऱ्यास १०९ डॉलर पडत. ग्राहकाच्या स्वस्थतेचे मोल इतक्या रोखठोकपणे क्वचितच कोणी ठरविले असेल!

ही सारी घसरण उत्पादनखर्चातील बचतीमुळे झाली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. आपण यंत्रे खर्चाच्याच भावाने विकतो, असे ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी २०१२ मध्ये स्वतःच सांगितले होते. दाढीचे यंत्र स्वस्तात देऊन पात्यांवर कमाई करण्याचीच ही रीत. किंडलसाठी घेतलेली बहुतेक पुस्तके कोबोच्या यंत्रावर उघडत नाहीत. शे-दोनशे पुस्तके जमली की दुसऱ्याचे यंत्र कितीही सरस असले तरी ग्राहक जागचा हलत नाही.

शिवाय ती पुस्तके त्याची किती? जुलै २००९ मध्ये विक्रेत्याकडे हक्क नसल्याचे आढळताच ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसल्या गेल्या. पैसे परत मिळाले, हे खरे. पण छापील पुस्तक परत न्यायला विक्रेता घरात शिरत नाही. विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून ठेवण्याची सोयही ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली.

यंत्राच्या दर्जाबाबत मराठी वाचकाने एक गोष्ट अवश्य पाहावी. साध्या किंडलच्या पडद्यावर २०२२ पर्यंत इंचामागे १६७ ठिपके असत, नंतर ते ३०० झाले. रोमन अक्षरांचे जुन्या पडद्यावर फारसे अडत नसे. देवनागरीतील जोडाक्षरे, रफार, अनुस्वार बारीक टाइपात मात्र पुसट होतात. जुने यंत्र स्वस्तात मिळत असले, तरी येथे चार पैसे अधिक देणे ही चैन नव्हे. उलट, निव्वळ मजकूर वाचणाऱ्याने अधिक साठवणक्षमतेसाठी पैसे घालणे व्यर्थ. साध्या यंत्रातही हजारो कादंबऱ्या मावतात.

किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके आली ती २०१६ च्या अखेरीस. तेव्हा यंत्रांची तुलना करण्याआधी ग्राहकाने पुढील वर्षभरात वाचावयाच्या दहा-बारा पुस्तकांची यादी करावी, आणि त्यांतील किती कोणत्या दुकानात मिळतात ते पाहावे.