आबांची जुनी फियाट

आमच्या आबांची गाडी फियाट आहे. ती मुंबईत कुर्ल्याला बनायची. १९७४ पासून तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. आता ती बनत नाही. ओळखायची कशी? ती अँबॅसडरपेक्षा लहान. मागच्या दोन्ही कोपऱ्यांना टोकदार उंचवटे, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ.

जुन्या गाड्यांचा पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटलेला असतो. मे महिन्यात सावंतवाडीहून आंबोली घाट चढताना इंजिन फार तापते. मग पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, पेट्रोल पुढे जात नाही आणि गाडी गप्प होते. आबा बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवतात. रेडिएटरच्या झाकणाला मात्र ते हात लावू देत नाहीत, कारण उकळते पाणी तोंडावर उडते. इंजिन निवेपर्यंत आम्ही करवंदं खातो.