उन्हाळी, गरमी आणि लघवीची बाटली

लघवीला आग होऊ लागली की आपल्याकडे म्हणतात, ‘उन्हाळी लागली.’ मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, खडीसाखर. जालन्याच्या मे महिन्यात हे निदान लगेच पटतंही. पण अशी लघवी प्रयोगशाळेत वाढवून पाहिली तर बहुतेक वेळा उगवतो तो ई. कोलाय, आपल्याच आतड्यात नांदणारा जिवाणू.

अर्थात ऊन अगदीच निर्दोष नाही. पाणी कमी पडलं की मूत्राशय वेळच्या वेळी धुऊन निघत नाही आणि आत शिरलेल्या जिवाणूंना वाढायला सवड मिळते. त्यात बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांब. अंबड-घनसावंगीकडून ऊसतोडीला गेलेली बाई फडात आडोसा नसतो म्हणून दिवसभर पाणीच टाळते. तिला ‘भरपूर पाणी पी’ असं सांगण्याआधी कोपीजवळ संडास हवा, पण तो विषय वेगळा.

तपासणीत खरी गोम नमुना घेण्यात आहे. पहिली धार सोडून द्यायची, मधली निर्जंतुक बाटलीत धरायची. मंठ्याहून एसटीने, उन्हात, तीन तासांनी जालन्याला पोचलेली बाटली खोटं बोलते: ऊब मिळाली की ई. कोलाय साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. नमुना दोन तासांत पोचवावा, नाहीतर बर्फात ठेवावा. जंतू वाढवून पाहायला, म्हणजे कल्चरला, एक-दोन दिवस लागतात. ताटलीत वाढलेल्या जिवाणूंवर औषधांच्या चकत्या ठेवतात. जिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं, ते औषध लागू. मेडिकलमधून आणलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनभोवती ते आता पुष्कळदा पडतच नाही. १९५०च्या दशकातलं नायट्रोफ्युरँटॉइन मात्र मूत्राशयापुरत्या संसर्गावर अजून टिकून आहे. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागलं, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका घ्यावी. मग सब्जा पुरत नाही.

आणि कल्चरमध्ये काहीच उगवलं नाही, पण लघवीत पू-पेशी भरपूर? मग क्लॅमिडिया किंवा परमा असू शकतो. ते जंतू साध्या ताटलीत उगवतच नाहीत. इथे प्रश्न नवऱ्यालाही विचारावे लागतात, आणि इथेच सगळे गप्प होतात. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले, आधी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या.

सरकारी दवाखान्यांत लक्षणांवरून रंगीत पाकिटं देतात: स्रावाला करडं किंवा हिरवं, जखमेला पांढरं. अहवालाची वाट न बघता त्याच दिवशी उपचार, हा त्यांचा मोठा गुण. पण क्लॅमिडिया बायकांमध्ये बहुधा लक्षणंच दाखवत नाही, आणि अंगावरून जाणारं प्रत्येक पांढरं पाणी संभोगातून आलेलं नसतं. पाकीट एकट्या बाईने घेतलं आणि संसर्ग नवऱ्याकडे तसाच राहिला, तर महिन्याभरात ती पुन्हा रांगेत.

राहिली ‘गरमी’, म्हणजे सिफिलिस. हिच्याही नावात उष्णता, आणि हिच्यामागेही जिवाणूच. रक्ताच्या साध्या तपासणीत ती सापडते, म्हणून गरोदरपणी ती तपासणी चुकवू नये. सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनचा २४ लाख युनिटांचा एकच डोस पुरतो; त्याला दाद न देणं हा जिवाणू अजून शिकलेला नाही.