अवयव न सापडताही संयुक्त

2 चा 67 वा घात वजा 1, म्हणजे 14,75,73,95,25,89,67,64,12,927. ही एकवीस अंकी संख्या फ्रेंच धर्मगुरू मर्सेन याने 1644 साली मूळ संख्यांच्या यादीत घातली. 1903 मध्ये अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल याने ती 19,37,07,721 आणि 7,61,83,82,57,287 यांचा गुणाकार असल्याचे दाखवले. त्यामुळे मर्सेनची चूक कोलने पकडली, असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती अशी की, ही संख्या संयुक्त असल्याचे फ्रान्सच्या एद्वार ल्युकाने 1876 मध्येच सिद्ध केले होते, आणि तेव्हा तिचा एकही अवयव कोणाच्या हाती नव्हता. ‘अवयव दाखवा, मगच संयुक्त म्हणा’ हा आग्रह शाळेतल्या सवयीतून येतो. लहान संख्यांत ही दोन्ही कामे एकदमच उरकतात, म्हणून ती एकच वाटतात.

अवयवांशिवाय सिद्धता म्हणजे आडून काढलेला तर्क, असा आक्षेप कोणी घेईल. पण कोणतीही विषम मूळ संख्या घ्या. 2 चा तिच्याहून एकने कमी असलेला घात काढून त्याला त्याच संख्येने भागले, तर बाकी 1 उरलीच पाहिजे. 91 साठी ही बाकी 64 येते. म्हणजे 91 मूळ नाही. त्यासाठी 7 गुणिले 13 आठवावे लागत नाही. नियम मोडला की निकाल पक्का. नियम पाळला म्हणून मात्र संख्या मूळ ठरत नाही: 341 या कसोटीतून सुटते, तरी ती 11 गुणिले 31 आहे. घातांकाबद्दलचा गैरसमजही असाच. मर्सेनच्या यादीतल्यासारखी, म्हणजे ‘2 चा घात वजा 1’ अशी संख्या मूळ असायला घातांक मूळ असावा लागतो, पण तेवढे पुरत नाही. 11 मूळ आहे, तरी 2 चा 11 वा घात वजा 1, म्हणजे 2047, ही 23 गुणिले 89 आहे. ल्युकाच्या कल्पनेवरून पुढे गणिती लेहमरने दिलेली कसोटी मात्र अशा संख्यांसाठी दोन्ही बाजूंनी निकाल देते.

संगणक आल्यावर हा फरक उरलाच कुठे, असेही विचारले जाते. कोलचे अवयव आज संगणक क्षणात काढतो, हे खरे. पण 2 चा 1277 वा घात वजा 1 ही 385 अंकी संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे आणि तिचा एकही अवयव सापडलेला नाही. याउलट, चार कोटींहून अधिक अंकांची 2 चा 13,62,79,841 वा घात वजा 1 ही संख्या मूळ असल्याचे 2024 मध्ये सिद्ध झाले. तेव्हा अडचण आकाराची नाही, प्रश्नाच्या जातीची आहे. मोठ्या मूळ संख्या शोधणे सोपे आणि त्यांच्या गुणाकाराचे अवयव पाडणे अवघड, याच अंतरावर आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत उभी आहे. कोलचा गुणाकार कोणालाही कागदावर पडताळता येतो. 1277 घातांकाच्या संख्येसाठी तसा गुणाकार अजून कोणी मांडलेला नाही.